पाच फूट नऊच्या मापाची सायकल

११ जानेवारी, रविवार. सकाळी १०.५०
लेकीचा फोन. दर रविवारी येतो. माझ्या वाट्याला त्यातलं एकच वाक्य येतं: बाबा, बरा आहेस ना, आईला दे. घड्याळ लावून पाहिलंय, अकरा सेकंद. आज फोन बायकोच्या हातात देता देता मी म्हणून गेलो की माउंटन बाइक घ्यायचा विचार चाललाय. विचार वगैरे काही चालला नव्हता. खिडकीतून समोरचा माणूस सायकल पुसताना दिसला आणि तोंडातून गेलं.
मग काय विचारता! कुठली घेतोस, फ्रेम कसली, गिअर किती, ब्रेक कुठले. ती तिकडे रविवारी सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर जाते हे माहीत होतं, पण माझ्याशी तिला इतकं बोलता येतं हे विसरलो होतो. बावीस मिनिटं. बायको हात पुढे करून उभी राहिली, मग कंटाळून बसली, मग भाजी निवडायला निघून गेली.
मार्चअखेर लेक दोन वर्षांसाठी परदेशी चाललीय. त्याआधी चार दिवस घरी येणार. बावीस मार्चच्या रविवारी आपण दोघं सायकलने तलावापर्यंत जाऊ म्हणाली. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. मी म्हटलं, चोवीस म्हणजे काहीच नाही.
सत्तर दिवस आहेत. भरपूर झाले.

१२ जानेवारी, सोमवार
टाइमटेबल केलं. पाचला उठणे. सव्वापाचला बाहेर. पहिला आठवडा रोज पाच किमी, दुसरा दहा, मग वीस. साखर बंद. जिना, लिफ्ट नाही.
बायकोने विचारलं, शेवटची सायकल कधी चालवली होती. कॉलेजात. म्हणजे किती वर्षं झाली, असं तिने विचारलं नाही, पण बोटांवर मोजताना दिसली.
लिफ्टने आलो. आज जिना जिवावर आला.

१७ जानेवारी, शनिवार. संध्या. ६
सायकल घेतली!
चौकातल्या दुकानात गेलो, बायकोला बरोबर घेऊन. दुकानदार माझ्याच वयाचा, नखांत काळं ग्रीस, शब्द मोजून वापरणारा. त्याने पहिला प्रश्न उंचीचा विचारला. पाच फूट नऊ, म्हटलं. त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि खिशातून टेप काढली.
मला राग आला. मी म्हटलं, वजनमापे खात्यात सत्तावीस वर्षं काढली, या गावातल्या प्रत्येक तराजूवर माझा शिक्का आहे, आणि मला टेप लावता? त्याने टेप परत खिशात घातली. बायकोला त्याच क्षणी भिंतीवरच्या पंपांमध्ये फार रस वाटू लागला.
लग्न ठरताना पाच नऊ सांगितलं होतं, तेव्हापासून पाच नऊच आहे. ऑफिसच्या कार्डावर पाच नऊ, पासपोर्टवर पाच नऊ. डॉक्टरांकडे पाच सहा येतं, पण त्यांची पट्टी जुनी आहे.
दुकानदार म्हणाला, मीडियम घ्या. मी म्हटलं, पाच नऊला तक्त्यात लार्ज लिहिलंय, तक्ता तुमच्याच भिंतीवर आहे. मग म्हणाला, मधल्या दांड्यावरून पाय टाकून उभे राहा, दांडा आणि तुमच्यात चार बोटं जागा राहिली पाहिजे. राहिलो. टाचा टेका म्हणाला. टेकल्यात म्हटलं. तो खाली वाकून बघायला लागला तेव्हा खरंच टेकल्या. जे झालं ते झालं, पण चेहरा हलू दिला नाही.
आठ दिवसांत साइज बदलून मिळेल म्हणाला, पण चाकाला माती लागलेली चालणार नाही. मी म्हटलं, माउंटन बाइकच्या चाकाला माती नाही लागायची तर काय अत्तर लागणार? कोणी हसलं नाही.
रंग हिरवा. लार्ज. घरी हातात धरून आणली, कारण संध्याकाळी ट्रॅफिक फार असतं.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ११
लेकीचा फोन. चोवीस मिनिटं. फोटो पाठवला होता, त्यावर पाच मिनिटं. किती चालवलीस, विचारलं. आज पहिलाच दिवस, म्हणून सहा किमी, असं सांगितलं.
(प्रत्यक्षात गेटपर्यंत. पण उद्यापासून सुरू करणारच आहे, तेव्हा हे ॲडव्हान्समध्ये धरायला हरकत नाही.)

१९ जानेवारी. पहाटे ५
उठलो. पुन्हा झोपलो. गारठा आहे.

२१ जानेवारी. सकाळी ६.४०
आज प्रत्यक्ष स्वारी. पाण्याच्या टाकीच्या गल्लीत गेलो, सपाट रस्ता, माणसं नाहीत. चालवण्यात काही अडचण नाही. अडचण थांबण्यात आहे. सायकल थांबली की पाय जमिनीपर्यंत जायला हवा, तो जात नाही. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला आडवा आला, ब्रेक दाबला, खाली उतरलो आणि दांड्यावर आलो. कुठे लागलं ते रोजनिशीतही लिहिण्यासारखं नाही. दूधवाल्याने कॅन खाली ठेवून विचारलं, काका, बसता का जरा. म्हटलं, नाही, उभाच बरा आहे.
निदान: जमीन असमान आहे.

२४ जानेवारी, शनिवार
गेले दोन दिवस ऑफिसला जाताना बसमध्ये उभं राहावं लागलं, येतानाही. सीट सगळ्यात खाली केली आहे. आता गुडघे हँडलला लागतात.
आठवडा पूर्ण होतोय. दुकानात गेलो. चाकाला जी थोडी माती होती ती घरी ओल्या फडक्याने पुसली, सहज, स्वच्छता म्हणून. दुकानदाराने सायकल पाहिली, मला पाहिलं, म्हणाला, मीडियम काढून ठेवलीय आत. फार हळू म्हणाला. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती.
मी म्हटलं, मीडियम कशाला? घंटी घ्यायला आलोय.
घंटी घेतली. आवाज चांगला आहे.

२५ जानेवारी, रविवार
एकवीस मिनिटं. नऊ किमी सांगितले. वाटेत काय दिसलं, विचारलं. मी लाकडाच्या वखारीबद्दल सांगितलं, तिथली उतरण, सकाळचा ओल्या लाकडाचा वास. एक कुत्रं मागे लागलं तेही सांगितलं. ती इतकी हसली की कुत्र्याला आणखी अर्धा किलोमीटर पळवावं लागलं.
वखार खरी आहे. बसमधून दिसते.

३ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिस
शंका आली. फ्रेमवर छापलेलं माप खोटं असलं तर? हे आमच्या खात्याचं काम आहे. ऑफिसमधली प्रमाणित टेप घरी नेली आणि दांडा, नळी, चाक, सगळं मोजलं. छापल्याबरहुकूम निघालं. एका मिलिमीटरचाही फरक नाही.
टेप तपासायला टाकली पाहिजे.

४ फेब्रुवारी
टेबलाशेजारचा ज्युनिअर, ज्याला सगळे दशांश म्हणतात कारण तो जेवणाची सुट्टीही दशांशात सांगतो, त्याला टेप दिली. तपासली. टेप निर्दोष म्हणाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, सर, भिंतीला प्रमाणित मीटरपट्टी आहे, तुम्ही दोन मिनिटं टेकून उभे राहिलात तर सायकलचा प्रश्न सुटेल. मी सांगितलं, पट्टी खात्याची आहे, खासगी कामाला वापरता येत नाही. टेप काल माझ्या पिशवीत होती हे त्याने काढलं नाही. मुलगा सभ्य आहे, पण त्याच्या गोपनीय अहवालात तसं लिहीनच असं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
बारा किमी सांगितले. तेवीस मिनिटं. म्हणाली, बाबा, तू जबरदस्त आहेस. फोन ठेवल्यावर थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिलो. हा शब्द तिने माझ्यासाठी याआधी कधी वापरला होता ते आठवेना.
उद्यापासून नक्की. अजून बेचाळीस दिवस आहेत. रोज अर्धा किलोमीटर वाढवत नेला तरी होतं. उलट आरामात होतं.

९ ते १४ फेब्रुवारी
सर्दी.

१५ फेब्रुवारी, रविवार
पंधरा किमी. (सर्दी असूनही!) सव्वीस मिनिटं, उच्चांक. गिअर बदलताना चेन उतरली, ती कशी बसवली ते सविस्तर सांगितलं. हात काळे झाले, रुमाल वाया गेला. सांगता सांगता माझाच विश्वास बसला आणि मी बेसिनवर जाऊन हात धुतले.
बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बायको न बोलण्यात फार पटाईत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.१५
हा काय प्रकार आहे? उठलो तर पॅसेजमध्ये सायकल नाही. गेटवर गेलो. बायको तीवर बसून येत होती. पावाचा पुडा हँडलला अडकवलेला. रस्त्याच्या कडेने, सरळ, न डगमगता. माझ्यासमोर थांबली. थांबली आणि दोन्ही पाय जमिनीवर. आरामात. दांड्याच्या वर चांगली चार बोटं जागा.
म्हणाली, पॅसेजमध्ये पायात येत होती, म्हटलं जरा फिरवून आणू. दुकान उघडायचं होतं म्हणून पुढे पुलापर्यंत गेले.
पुलापर्यंत! जाऊन येऊन सात किलोमीटर. पंजाबी ड्रेसवर.
आणि सीट वर केलेली. मोजलं. अकरा सेंटिमीटर.

२३ फेब्रुवारी
काल रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बायकोची उंची किती हे मला माहीत नाही. पंचवीस वर्षं झाली, कधी विचारलं नाही. चपला सपाटच घालते. टाच असलेली चप्पल तिच्या बहिणीने भेट दिली होती, ती तिने कामवाल्या बाईला देऊन टाकली. मी तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, कंबर दुखली असती. आमच्या लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे आणि ती खाली. मी आजवर समजत होतो की फोटोग्राफरने तशी पोझ दिली.
जाऊ दे. कामं खूप आहेत.

१ मार्च, रविवार
अठरा किमी सांगितले. वीस मिनिटं. तिला पॅकिंगची घाई होती. सारखं म्हणत होती, बावीसची सकाळ पक्की ना? पक्की म्हटलं. तिकडे गेल्यावर दोन वर्षं येता येणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, दोन वर्षं म्हणजे काहीच नाही.
माझं हे काहीच नाही आता मलाच ऐकवत नाही.

७ मार्च, शनिवार
गंभीरपणे सुरुवात. बुटात जाड सोल घातले, वर दोन जोड्या मोजे. दीड इंच मिळाला. पाण्याच्या टाकीची गल्ली, तीन फेऱ्या. चौथ्या फेरीत वळताना पाय टेकायला गेलो, सोल बुटात सरकला आणि मी सायकलसकट कुंपणात. हाताला खरचटलं. दूधवाला होताच. या माणसाला दुसरी गल्ली नाही का?
दुकानदाराकडे गेलो. स्पष्ट सांगणार होतो की बदलून द्या, काय व्हायचं ते होऊ दे. त्याने खरचटलेल्या हाताकडे पाहिलं आणि आता उशीर झाला हो, म्हणाला. फ्रेमला ओरखडे आलेत. मग स्वतःच वाईट वाटून की काय, म्हणाला, तुमच्या मिसेसना मात्र अगदी फिट बसते. टायरमध्ये हवा भरायला आल्या होत्या दोनदा.
दोनदा!
बाटलीचा स्टँड घेऊन आलो.

८ मार्च ते १९ मार्च
ऑफिसमध्ये तपासणीचे दिवस. अजिबात वेळ नाही. उगाच कारणं सांगत नाही, खरंच नाही.

२० मार्च, शुक्रवार
लेक आली. बारीक झालीय. आल्या आल्या पॅसेजमध्ये सायकलीपाशी गेली. सीटवर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सीटकडे. म्हणाली, मस्त आहे बाबा. तिने स्वतःसाठी चौकातल्या दुकानातून भाड्याने सायकल आणली आहे. मीडियम.

२१ मार्च, शनिवार. दुपार
बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, अहो, सांगून टाका तिला. काय सांगू, विचारलं. काहीच नाही, म्हणाली आणि पीठ मळत राहिली. हिलाही माझ्या शब्दाची सवय लागली.
सांगायचं कसं? दहा रविवार. सगळे मिळून सुमारे चार तास. गेल्या पाच वर्षांत माझ्याशी एकूण एवढं बोलली नसेल. त्यातलं काय खोटं म्हणून परत घेऊ?

२२ मार्च, रविवार. सकाळी ९.३०
सहाला दारावर टकटक झाली. बाबा, उठलास? मी जागाच होतो. साडेचारपासून. कपडेसुद्धा घातलेले होते, चादरीच्या आत.
कंबर धरलीय म्हटलं. उठताच येत नाही.
ती दारातच उभी राहिली. जास्त दुखतंय का, विचारलं. डॉक्टरांना बोलावू का, विचारलं. मग बाहेर बायकोशी काहीतरी कुजबुज, मग बायको हसल्याचा आवाज, आणि गेट. मी उठून खिडकीशी गेलो. दोघी शेजारी शेजारी चालल्या होत्या. बायकोने लेकीचे बूट घातले होते. मला वाटतं, मी बायकोला याआधी पाठीमागून कधी नीट पाहिलं नव्हतं. उंच आहे.
चादरीत परत गेलो. कंबर धरलेल्या माणसाने खिडकीत दिसणं बरं नव्हे.

त्याच दिवशी. दुपारी २
जेवताना दोघींची नुसती बडबड. तलाव, वारा, उतरण. बायको म्हणाली, पलीकडचा छोटा पूल चार महिन्यांपासून बंद आहे, आम्हाला लांबचा वळसा पडला. माझा घास तसाच राहिला. तलावाला जायला तोच रस्ता आणि मी फोनवर दर रविवारी त्याच पुलावरून गेलो आहे.
लेकीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, अगं, बाबा वळशानेच जात असेल. मी म्हटलं, अर्थात, वळशानेच. तिने भात वाढून घेतला. विषय संपला.
थोडक्यात बचावलो. पोरगी भोळी आहे, तिकडे कसा निभाव लागायचा कोण जाणे.

२४ मार्च, मंगळवार
गेली. निरोप द्यायला तिघं एकत्र उभे होतो, तेव्हा तिने मला मिठी मारली आणि कंबर सांभाळ म्हणाली. मी म्हटलं, आता बरी आहे. तिचं डोकं माझ्या कानापाशी आलं. पोरगीसुद्धा माझ्याएवढी झाली आहे आणि मला कोणी सांगितलं नाही.
घरी आल्यावर बायको रडली. मला शिंका आल्या.

२९ मार्च, रविवार
फोन उशिरा आला, तिकडच्या वेळेने. नवीन खोली, नवीन लॅब, थंडी. बाबा, आज किती? वीस, म्हटलं. वा, म्हणाली. मग दोन मिनिटं सायकलबद्दल बोललो. वखारीपर्यंत गेलो आणि तिथे मला पुढचं काही सुचेना. कुत्रं आणावं तर तेही थकलेलं.
बायको दर रविवारी सकाळी जाते. आज चौदा किमी. खरे.

५ एप्रिल, रविवार. सकाळी ११.४०
बायको आज उशिरा निघाली, साडेदहाला. जाताना म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष असू द्या. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. वीस सांगावेत की एकवीस याचा विचार करत होतो. मनातल्या मनात रस्ता लावत होतो: टाकी, वखार, वळसा, तलाव. इतका कंटाळा आला. न चालवलेल्या सायकलीने माणूस इतका थकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
तेवढ्यात फोन. बाबा, आज किती?
मी म्हटलं, शून्य.
आणि मग थांबवताच येईना. म्हटलं, गेल्या रविवारीही शून्य. त्याआधीही. जानेवारीपासून सगळे मिळून दीड किलोमीटर झाले असतील, तेसुद्धा टाकीच्या गल्लीत. सायकल मोठी आहे. पाय पुरत नाहीत. मी पाच सहा आहे. कंबर धरली नव्हती.
तिकडे कपात चमचा फिरत राहिला.
मग म्हणाली, माहीत आहे बाबा.
कधीपासून, विचारलं. म्हणाली, दुसऱ्या की तिसऱ्या रविवारपासून. जो माणूस खुर्चीची गादी बदलली तर आठवडाभर घर डोक्यावर घेतो, तो नऊ नऊ किलोमीटर जातो आणि एकदाही बूड दुखतं म्हणत नाही? सायकल सुरू केली तेव्हा मी पहिला महिनाभर त्या दुखण्याने रोज रडत होते.
मी विचारलं, मग दर रविवारी किती किती म्हणून विचारत का होतीस. म्हणाली, तू बोलत होतास ना. इतकं कधी बोलला होतास माझ्याशी? मला कुठे ठाऊक होतं, सायकल नसेल तर तुला काय विचारायचं.
सायकल संपली होती. दुसरा विषय काढायला हवा होता आणि माझ्याकडे एकही नव्हता. शेवटी विचारलं, जेवलीस का. म्हणाली, बाबा, इथे सकाळचे सव्वासहा वाजलेत.
पण फोन ठेवला नाही. आईला दे असंही म्हणाली नाही. तू काय केलंस सकाळपासून, विचारलं. काही नाही, म्हटलं. असं कसं, काहीतरी केलंच असशील.
तेव्हा जळका वास आला. दूध! फोन कानाला लावूनच पळालो. सगळं ऊतू गेलेलं, बर्नर विझलेला, खाली फरशीवर ओघळ, पातेल्याच्या बुडाशी काळी खरपुडी. काय झालं, काय झालं, म्हणाली. दूध गेलं, म्हटलं. कसं गेलं, सांग, म्हणाली.
सांगितलं. आईने कधी ठेवलं, मी कुठे बसलो होतो, वास कधी आला, पाय कसा घसरला. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. नऊ मिनिटं चाललं. मध्ये ती दोनदा हसली.
बायको येईल आता. ओटा पुसायचा आहे.